फिन्टनच्या घामातलं मीठ

किल्ड्रम, मेयो
६ ऑक्टोबर १९६८

डिम्प्ना,

पाकिटावरचा पत्ता मुद्दाम टाइप केलाय. माझं अक्षर ओळखून तू मागची पत्रं न फोडता परत पाठवलीस, म्हणून ही लबाडी. इस्पितळाच्या टाइपरायटरवर पत्ता टाइप केला की कुठलंही पाकीट सरकारी दिसतं, आणि सरकारी पाकीट फोडल्याशिवाय कुणाला राहवत नाही. आता फोडलंच आहेस तर वाच.

घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. आई आहे तशीच आहे. परवा नव्या फादरनी प्रवचन जरा लांबवलं, तर ही पहिल्या बाकावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बटाटे करपले असतील आता घरी." फादरनी घाईघाईनं आवरतं घेतलं. बाहेर पडताना लोक तिला दुवा देत होते.

आपल्या कोलमनचं लग्न झालं हे तुझ्या कानावर आलंच असेल. मुलगी नोरीन, पिठाच्या गिरणीवाल्या टॅन्सींची धाकटी. हसरी आहे, उलट बोलते, आईला पुरून उरेल असं वाटतं. दोघं आपल्याच घरात राहतात, आईजवळ. मी इस्पितळामागच्या खोलीवरच आहे, रविवारी जेवायला जाते. जूनमध्ये त्यांना मुलगा झाला, फिन्टन. जरा किरकोळ आहे. त्याच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

माझं म्हणशील तर लॅबमध्ये नवं यंत्र आलंय आणि मी त्याच्या प्रेमात आहे. हसू नकोस, माझ्या वयात जे मिळेल ते. इतकी वर्षं रक्तातलं, लघवीतलं क्लोराईड, म्हणजे सोप्या भाषेत मीठ, मी ब्युरेटनं, त्या काचेच्या उभ्या नळीनं, मोजत आले. आधी बाटलीत द्रावण बनवायचं, ते किती जोराचं आहे ते ठरवायचं, मग थेंब थेंब सोडत रंग बदलायची वाट बघायची. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरायचे. या यंत्राला द्रावणाची बाटलीच नाही. छोट्या पेल्यात चांदीची तार बुडवायची आणि वीज सोडायची. विजेनं तारेची चांदी कणाकणानं पाण्यात उतरते, आणि उतरल्याबरोबर क्लोराईड तिला धरून बसतं. पेल्यात पांढरं धुकं येतं. सगळं क्लोराईड संपलं की पुढची चांदी मोकळी फिरायला लागते, यंत्राला ते कळतं, आणि खट् करून वीज बंद. घड्याळ किती वेळ चाललं त्यावरून आकडा काढायचा. जे लागतं ते लागेल तेव्हा, तिथल्या तिथे तयार होतं आणि पुरे झालं की थांबतं. माणसांना हे जमलं असतं तर आपल्या घरात बरीच शांतता नांदली असती.

आमचे साहेब, मिस्टर हेशन, यंत्राला मॅडम म्हणतात. पेल्यात जे आम्ल आणि जिलेटिन घालावं लागतं त्याला चहा. "ब्रीज, मॅडमचा चहा झाला का?" असं रोज सकाळी विचारतात आणि स्वतःच हसतात. चाळीस वर्षांचा विधुर माणूस, त्याला हसायला दुसरं काय आहे.

उत्तर पाठवलंस तर बरं वाटेल. नाही पाठवलंस तरी हे परत पाठवू नकोस.

ब्रीज


१९ ऑक्टोबर

डिम्प्ना,

तुझं कार्ड मिळालं. सात वर्षांत तुझ्या हातची पहिली ओळ: "बाळांबद्दल मला लिहू नकोस." मी ती खूप वेळ बघत बसले. अक्षर अजून तसंच आहे, डावीकडे कललेलं.

तुझं ऐकायची माझी तयारी होती, देवाशपथ. आज ऐकता येत नाही. शिव्या दे, पण शेवटपर्यंत वाच.

मागच्या पत्रात फिन्टन किरकोळ आहे असं लिहिलं, ते मी हात राखून लिहिलं होतं. सप्टेंबरपासून सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालंय. पोर आधाशासारखं पितं आणि तरी बरगड्या दिसतात. सारखा खोकला. दुपटी तेलकट, आणि वास असा की नोरीन ती घराबाहेरच्या बादलीत ठेवते. दोन आठवड्यांपूर्वी तिनं मला गोठ्यामागे ओढून नेलं आणि माझी बाही धरून म्हणाली, "ब्रीज, खरं सांग, माझं दूध पाणचट आहे का गं? तो पितो, पितो, पितो आणि कुठं जातं ते? मी काय चुकतेय?"

डिम्प्ना, तो तुझा आवाज होता. शब्दसुद्धा तुझेच. मला तिथं उभं राहवेना.

एक गोष्ट सांगते. आई तिला काही बोलत नाही. तुझ्या वेळी उठता-बसता बोलायची, आठवतं ना? या वेळी तोंड शिवल्यासारखी बसते. पोराला मांडीवर घेऊन आगीकडे बघत राहते. नोरीन मला म्हणाली, "म्हातारी इतकी गप्प का? ती शिव्या देते तेव्हा बरी वाटते."

डॉक्टरांनी घामाची तपासणी करायला सांगितली. ती आता आमच्याकडेच होते, मॅडममुळे. पोराच्या हातावर घाम आणणारं औषध लावून अगदी बारीक वीज सोडतात, तो फारसा रडतही नाही. मग त्या जागेवर वजन केलेला टीपकागद ठेवून वरून प्लास्टिक चिकटवतात. कागदानं घाम प्याला की तो परत तोलायचा, पाण्यात धुवायचा, आणि ते पाणी पेल्यात. पुढचं मी तुला लिहिलंच आहे. हा आजार असला तर घामात मीठ भलतंच जास्त असतं. साठाच्या वर आकडा गेला की काळजी.

नातं आहे म्हणून मिस्टर हेशन म्हणाले, मी करतो, तू बाहेर थांब. मी म्हटलं, मॅडम माझ्या हाताला सरावल्यात. मी पेला लावला. धुकं आलं. घड्याळ चालायला लागलं आणि थांबेच ना. मी मनात म्हणत होते, थांब, थांब गं बाई. थांबलं तेव्हा आकडा शंभराच्या वर होता.

आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. छातीत चिकट कफ साचतो, आणि पोटात अन्न पचवणारा रस उतरत नाही, त्यामुळे कितीही पाजा, अंगी लागत नाही. पोर भरल्या ताटावर उपाशी मरतं. औषधं आहेत, पाठीवर थापट्या मारून कफ काढतात, काही पोरं शाळेत जाण्याइतकी मोठी होतात. यापुढचं डॉक्टर बोलले नाहीत आणि कोलमननं विचारलं नाही.

आजार रक्तातून येतो. अर्धा आईच्या घरून, अर्धा बापाच्या. दोन्हीकडून आला तरच पोराला होतो. आपल्या या देशात तो कितीतरी घरांत निजलेला असतो, कुणाला पत्ता नसतो. म्हणजे तो आपल्या घरात आहे. कोलमनच्या अंगात आहे. तुझ्याही असू शकतो.

आता कळलं ना, मी का लिहिते आहे?

तुझ्या लेकीला, उनाला, तू उपाशी मारलं नाहीस. उनाच्या प्रेताशेजारी, जागरणाच्या रात्री सगळं गाव चहाचे कप हातात धरून बसलेलं असताना, आई उभी राहून जे ओरडली ते खोटं होतं. तुझ्या सासूनं, मॅलकीच्या आईनं, मान डोलावली तेही खोटं. तिला तर कुणीतरी सांगायला हवं की अर्धं तिच्याच घरून आलं होतं.

मला हे तुझ्यासमोर बसून सांगायचं होतं. पण मँचेस्टरच्या तुझ्या दारापर्यंत यायची हिंमत माझ्यात नाही, आणि लॅब सोडवत नाही हे निमित्त सोयीचं आहे.

ब्रीज


२७ ऑक्टोबर

डिम्प्ना,

मागचं पत्र जाळून टाकलं नसशील तर बाजूला ठेव. मी घाई केली. कदाचित सगळंच चुकलं असेल.

गेल्या रविवारची गोष्ट. जेवायला घरी गेले होते. डुकराचं मांस, कोबी, बटाटे, सगळं टेबलावर तसंच निवत पडलेलं. नोरीनचे डोळे सुजलेले. मी फिन्टनला उचलून खांद्याशी धरलं, तर त्याच्या अंगाला समुद्राचा वास. म्हटलं, हे काय?

"आंघोळ," आई म्हणाली.

"कसली आंघोळ?"

"शेवाळाची. दुसरी कसली असते?"

आपल्याकडची ती समुद्रशेवाळाची आंघोळ तुला माहीतच आहे, आजोबांच्या संधिवाताला करायचे तीच. आई महिनाभर कोलमनला किनाऱ्यावर पाठवून बादल्या भरून आणवते, गरम करते आणि पोराला त्यात बुडवून काढते. अंग पुसायचं नाही, तसंच वाळू द्यायचं.

"तपासणीच्या दिवशी सकाळीसुद्धा?" मी विचारलं.

"रोज सकाळी," आई म्हणाली.

तू लॅबमध्ये नाहीस म्हणून समजावते. कागद लावण्याआधी हात शुद्ध पाण्यानं चोळून धुवायचा असतो. त्या दिवशीची नर्स नवी होती, तिनं ओल्या बोळ्यानं नुसतं पुसलं होतं, मी बघितलं होतं, आणि म्हटलं चालेल, पोराचाच तर हात आहे. शेतावर वाढलेल्या पोराच्या हातावर समुद्र असेल असं कुणाच्या डोक्यात येईल? शेवाळात मीठ आहे, ब्रोमाईड आहे, आणि चांदी ब्रोमाईडलाही तशीच धरते जशी क्लोराईडला. तिला दोघांतला फरक कळत नाही. मॅडमनं कदाचित फिन्टनचा घाम मोजलाच नाही, आईची बादली मोजली.

मी हे म्हणाले तेव्हा नोरीन खुर्चीवरून उठली, माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि रडायला लागली. कोलमन बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. मी खिडकीतून बघत होते, त्याचे खांदे हलत होते. "म्हातारे, तुझ्या शेवाळानं आमचे प्राण घेतले होते की!" असं म्हणत तो आत आला आणि त्यानं आईला चक्क मिठी मारली. आई मात्र हसली नाही. म्हणाली, "पुन्हा तपासा मग."

तेव्हापासून शेवाळ बंद. दुसरी तपासणी पुढच्या सोमवारी. मिस्टर हेशन म्हणाले, "या वेळी हात मी धुणार, आणि मॅडमना रिकाम्या पेल्यावर आधी चार वेळा चालवणार." माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

आता खरं लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. घरी सगळे प्रार्थना करताहेत की पहिला आकडा चुकीचा निघो. मीही करते. गुडघ्यांवर बसते, माळ हातात घेते, आणि अर्ध्यावर लक्षात येतं की तो चुकीचा निघाला तर तू पुन्हा तिथंच. उनाला काय झालं होतं ते मग कुणालाच कळणार नाही, आणि आईचं ते वाक्य तसंच उभं राहील. तू सुटायचीस तर फिन्टनला आजार असायला हवा. तो वाचायचा तर तू अडकतेस. अशी प्रार्थना कुठल्या तोंडानं करायची ते मला कुणी शिकवलेलं नाही. काल एका क्षणी मी तुझ्या बाजूनं मागितलं. एकच क्षण. त्या पोराचे केस मऊ लाल आहेत, कानाजवळ वळलेले, आणि तो माझं बोट सोडत नाही.

तुला हे सांगून मी तुझ्यावर ओझं टाकते आहे हे मला कळतं. टाकते आहे.

ब्रीज


५ नोव्हेंबर

डिम्प्ना,

काल झाली तपासणी.

हात हेशनसाहेबांनी धुतला, तीनदा, शुद्ध पाण्यानं, जसा एखादा फादर पेला धुतो तसा. तार मी नव्यानं घासली. रिकामे पेले चालवले, सगळे चोख आले. या वेळी दोन्ही हातांवरून घाम घेतला, म्हणजे शंकेला जागा नको. नोरीन बाहेर बाकावर पोराला घेऊन बसली होती आणि त्याला गाणं म्हणत होती. दार बंद असूनही ऐकू येत होतं.

पहिला पेला: शंभराहून थोडा कमी. दुसरा: तेवढाच.

मिस्टर हेशन खुर्चीत बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले. म्हणाले, "शेवाळानं फारसा फरक पडला नव्हता, ब्रीज." मग म्हणाले, "सांगायला मी जाऊ?" मी म्हटलं, नको, माझा भाऊ आहे.

मी दार उघडलं आणि मला तोंडही उघडावं लागलं नाही. नोरीननं गाणं थांबवलं.

कोलमन फक्त एवढंच बोलला: "म्हणजे आम्ही त्याला काही कमी पडू दिलं नव्हतं ना?" मी म्हटलं, नाही रे, काहीच कमी पडू दिलं नव्हतंत. तो म्हणाला, "मग ठीक." ठीक काहीच नव्हतं. पण हे वाक्य त्याला मिळालं, डिम्प्ना, त्याच दिवशी, त्याच बाकावर मिळालं. तुला सात वर्षं कुणी ते दिलं नाही.

म्हणून मी ते आज तुला देते. तू काहीच कमी पडू दिलं नव्हतंस.

शनिवारी मृतांचा दिवस होता. मी उनाच्या थडग्यावर मेणबत्ती लावली. तिथे ताजी फुलं होती, पिवळी शेवंती, बरणीत. मॅलकी ठेवून गेला असावा. तो अजून एकटाच राहतो. रस्त्यात भेटला की टोपी काढतो आणि तुझं नाव घ्यायला तोंड उघडतो, मग हवेबद्दल बोलतो.

आता जे लिहायचं ते लिहायला जड जातंय. तू कारखान्यात बिस्किटं भरत असशील, हुशार आहेस, हे तुझ्याही डोक्यात येईलच, म्हणून मीच सांगते. हा पुरावा नाही. फिन्टनला आहे म्हणून उनाला होतं असं शपथेवर कुणी म्हणणार नाही. मिस्टर हेशनना विचारलं, तर म्हणाले, "फार शक्यता आहे. पण ज्या मुलीचा घाम मोजलाच नाही तिच्याबद्दल मी सही करू शकत नाही." चांगला माणूस आहे, आणि त्या क्षणी मला त्याचा फार राग आला.

उद्या कोलमन आणि नोरीन पोराला घेऊन डब्लिनला जाणार, मोठ्या डॉक्टरांकडे. मी रजा काढून आईजवळ राहणार आहे.

ब्रीज


९ नोव्हेंबर

डिम्प्ना,

बसून वाच.

गुरुवारी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. बाहेर पाऊस आडवा येत होता. आई बटाटे सोलत होती, मी समोर बसून कपडे दुरुस्त करत होते. नोरीनचं पत्र यायचं होतं, त्यामुळे दोघींचे कान फाटकाकडे. मग आई खाली बघूनच म्हणाली, "तुझ्या त्या यंत्राला किती वेळ लागतो?"

"मिनिटभर. थोडा कमीजास्त."

"मला तेवढाही लागला नव्हता," ती म्हणाली.

मला वाटलं, म्हातारपण. म्हटलं, काय बोलतेस?

तिनं चाकू खाली ठेवला. "उनाचा बाप्तिस्मा झाला ना, त्या दिवशी डिम्प्नानं पोर माझ्या हातात दिली. मी कपाळाचा मुका घेतला. खारट. तुझी आजी सांगायची, नव्या पोराचा पहिला मुका आजीनं घ्यायचा आणि ओठ चाटून बघायचे. खारट लागलं तर ते पोर आपलं नाही, समुद्राचं; ते परत जाणार. आणि लागलं तर कुणाला बोलायचं नाही. बोललं की ते पक्कं होतं."

"उना खारट लागली?"

"समुद्रात तोंड घातल्यासारखी."

डिम्प्ना, मी तिच्या मांडीवरची बटाट्यांची पाटी ओढून घेतली. ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही, शेजारच्यांना विचारावं लागेल. म्हटलं, तुला माहीत होतं, पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तू त्या पोरीला सगळ्या गावादेखत म्हणालीस की तू लेकरू उपाशी मारलंस?

ती रडली नाही. म्हणाली, "उपाशी असती तर वाचली असती गं. खायला घातलं असतं की झालं असतं. म्हणून मी तेच धरून बसले. दूध कमी पडतंय, दूध कमी पडतंय. डिम्प्नाला टोचत राहिले, गायीचं दूध पाज, ओटची पेज पाज, रात्री उठव, पुन्हा पाज. ती दमली असली की मला बरं वाटायचं, म्हटलं हेच कारण आहे, आळशी आहे ती, मी सरळ करीन तिला. पोर गेली तेव्हा तोंडात तेच वाक्य होतं, तेच बाहेर आलं. दुसरं म्हणायचं तर काय म्हणणार होते? की माझे ओठ पहिल्याच दिवशी सांगत होते आणि मी गप्प बसले?"

"आणि फिन्टन?"

"तोही." तिनं एप्रनला हात पुसले. "म्हणून तर समुद्राचं पाणी. म्हटलं, ज्याचं मीठ त्याला परत देऊन बघू."

तपासणीत आपण चुकलो असं मी म्हणाले तेव्हा त्या घरात ती एकटीच का हसली नव्हती, ते मला तेव्हा कळलं.

मला तिला मारावंसं वाटत होतं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवावासाही वाटत होता. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. उरलेले बटाटे सोलले. मीही दोन आठवडे गुडघ्यांवर बसून एक आकडा मागत होते कारण तो मला सोयीचा होता, तेव्हा कुणाला काय बोलणार? पण मी तिला माफ केलेलं नाही, आणि तू करावंस असं म्हणायला हे पत्र लिहीत नाही.

मिस्टर हेशन उनाबद्दल सही करू शकत नाहीत. बरोबर आहे त्यांचं. पेल्यात घालायला उनाचा एक थेंबही या जगात उरलेला नाही. पण तिचं मीठ एकदा, एका माणसानं चाखलं होतं, आणि त्या माणसानं ते तुझ्यापासून लपवून ठेवलं. मला तरी आता दुसरा पुरावा नको. तुझी मुलगी आजारी होती. तुझ्या दुधात, तुझ्या हातांत, तुझ्यात काही खोट नव्हती.

एक विचारते. तुलाही कधी लागली होती का गं ती खारट? आणि कुणाला विचारायचं ते तुला सुचलं नव्हतं का? उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

डब्लिनहून पत्र आलं. पोराला पावडर दिली आहे, दुधात घालायची, त्यानं अन्न थोडं पचतं. छातीवर थापट्या कशा मारायच्या ते नोरीनला शिकवताहेत. किती वर्षं, हे कोलमननं या वेळी विचारलं. उत्तर त्यानं पत्रात लिहिलेलं नाही.

ब्रीज


११ नोव्हेंबर

डिम्प्ना,

हे घाईत, टपालाची गाडी निघायच्या आधी.

आई येते आहे. तुझ्याकडे. शॅनन नदीच्या पलीकडे जी बाई आयुष्यात कधी गेली नाही, ती शुक्रवारी डब्लिनची गाडी पकडणार, बोटीनं समुद्रापलीकडे होलीहेडला उतरणार आणि शनिवारी सकाळी मँचेस्टरमध्ये असणार. मी बरोबर येते म्हटलं तर म्हणाली, "तू ये बोटीपर्यंत. पुढचं माझं मी बघते." पत्ता तिनं माझ्याकडून पाठ करून घेतला आहे, रोज सकाळी म्हणून दाखवते, जपमाळेसारखा.

मी तिला म्हटलं, अगं मी सगळं लिहिलंय तिला, एक शब्द सोडलेला नाही, ती वाचेल.

"तू लिहिलंस ते तुझं," ती म्हणाली. "मी बोलले होते, लिहिलं नव्हतं."

"आणि तिनं दार उघडलं नाही तर?"

"मग बाहेरून सांगीन. गावासमोर ओरडून बोलले होते ना, तिच्या गल्लीसमोर ओरडून सांगीन. इंग्रजांना ऐकू जाऊ दे."

तिला मी थांबवू शकत होते. थांबवलं नाही. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, मी तुझ्या बाजूनं आहे, दोन्हीपैकी काहीही केलंस तरी. फक्त एक सांगून ठेवते, म्हणजे नंतर म्हणू नकोस की ब्रीजनं सांगितलं नाही. ती तुझ्या पायरीवर बसेल. आणि खाली बसली की हल्ली तिला कुणी हात दिल्याशिवाय उठता येत नाही.

ब्रीज